बूच : उभ्या झाडाच्या सालीपासून मिळणारे उष्णतारोधक

इमारत बांधताना पायाची मजबुती, छपराची गळती आणि एकूण खर्च या तीन गोष्टींकडे सर्वसाधारणपणे लक्ष दिले जाते. इमारतीत शिरणाऱ्या किंवा तिच्यातून निसटणाऱ्या उष्णतेचा विचार मात्र बहुधा मागाहून, म्हणजे पंखे, वातानुकूलन यंत्रे अथवा शेगड्या बसविण्याची वेळ आल्यावर होतो. वस्तुतः छप्पर आणि भिंती यांतून होणारी उष्णतेची ये-जा प्रथमच रोखली, तर पुढे दरमहा होणारा विजेचा व इंधनाचा खर्च पुष्कळ अंशी वाचतो. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांना उष्णतारोधक म्हणतात. थर्मोकोल, काचेची लोकर आणि खनिज लोकर ही त्यांतील परिचित नावे होत. यांपैकी थर्मोकोल खनिज तेलापासून तयार होतो, तर उरलेल्या दोहोंसाठी भट्टीत काच किंवा खडक वितळवावा लागतो.

यांच्या जोडीला एक असा उष्णतारोधक आहे, की ज्यासाठी खाण खोदावी लागत नाही आणि झाडही तोडावे लागत नाही. तो म्हणजे बूच. बाटलीच्या तोंडाशी बसविलेले बूच सर्वांनी पाहिलेले असते; परंतु त्याच पदार्थाच्या लाद्या घराच्या छपरावर आणि भिंतींवर बसविल्या जातात, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. या लाद्यांचा गुण समजावून घेण्यासारखा आहेच. पण ती साल काढण्याचे शास्त्र आणि तिच्याभोवती उभी राहिलेली कायद्याची व व्यवहाराची चौकट ही त्याहून अधिक अभ्यसनीय आहे.

बुचाचे जंगल

बूच हे एका सदाहरित ओक वृक्षाच्या सालीपासून मिळते. वनस्पतिशास्त्रात या वृक्षाला क्वेर्कस सुबेर असे नाव आहे. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील पोर्तुगाल, स्पेन, अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया, इटली आणि फ्रान्स या देशांतच तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. या सर्व देशांतील बुचाच्या जंगलांचे क्षेत्र सुमारे २१ लाख हेक्टर असून त्यातील जवळजवळ एक-तृतीयांश क्षेत्र पोर्तुगालमध्ये आहे. जगातील एकूण बुचाच्या उत्पादनापैकी सुमारे निम्मे उत्पादन हा छोटा देश करतो.

पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आलेंतेजू या प्रांतात ही वने प्रामुख्याने पसरली आहेत. तेथील जमीन हलकी आणि उन्हाळा दीर्घ व कोरडा असतो. घनदाट अरण्याचे स्वरूप या वनांना नसते. विरळ झाडी, तिच्याखाली गवताची कुरणे, मधूनमधून धान्याची शेते, चरणारी मेंढरे आणि ओकची फळे खाऊन वाढणारी काळी डुकरे असे या भूमीचे रूप असते. या व्यवस्थेला पोर्तुगीज भाषेत ‘मोंतादू’ म्हणतात. एकाच जमिनीतून बूच, मांस, लोकर, मध आणि अळंबी असे अनेक जिन्नस मिळत असल्याने एखाद्या वर्षी एक उत्पन्न बुडाले तरी शेतकऱ्याला दुसऱ्याचा आधार राहतो. झाडांच्या मुळांमुळे माती धरून ठेवली जाते आणि सावलीमुळे जमिनीतील ओल टिकते.

नऊ वर्षांचा नियम

साल काढली की झाड मरते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. बहुतेक वृक्षांच्या बाबतीत तो खराही आहे. बुचाच्या ओकची गोष्ट निराळी आहे. त्याच्या सालीचे दोन थर असतात. बाहेरचा जाड, मृत पेशींचा थर म्हणजे बूच. आणि आतला जिवंत थर, ज्यातून झाडाचा अन्नरस वाहतो. बाहेरचा थर काळजीपूर्वक काढून घेतला आणि आतल्या थराला इजा पोहोचू दिली नाही, तर झाड पुन्हा नवे बूच तयार करू लागते. हे काम मे महिन्याच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंतच करता येते. कारण या काळात वाढ जोमाने होत असल्यामुळे बुचाचा थर सहज सुटा होतो. इतर ऋतूंत ओढाताण केल्यास आतला जिवंत थरही त्याबरोबर निघून येण्याचा धोका असतो.

साल काढण्याचे काम आजही मुख्यतः कुऱ्हाडीनेच होते. कुशल कामगार कुऱ्हाडीच्या पात्याने बुचात उभी चीर पाडतो, दांड्याच्या टोकाने साल उचकटतो आणि तिचे मोठाले पत्रे बुंध्यावरून अलग करतो. कुऱ्हाड किती खोल जाऊ द्यावयाची याचा अंदाज हातालाच असावा लागतो. घाव खोल गेला तर त्या जागी पुढे चांगले बूच येत नाही. म्हणूनच या कामगारांना इतर शेतमजुरांपेक्षा पुष्कळ अधिक मजुरी मिळते आणि नवशिका गडी अनुभवी माणसाच्या जोडीने काम करीत हे कसब शिकतो.

या व्यवहाराला पोर्तुगालच्या कायद्याने स्पष्ट मर्यादा घालून दिल्या आहेत. जमिनीपासून १.३० मीटर उंचीवर बुंध्याचा घेर ७० सेंटिमीटर भरल्याशिवाय पहिली साल काढता येत नाही. या अवस्थेला पोहोचण्यास झाडाला साधारणतः २५ वर्षे लागतात. त्यानंतरच्या दोन सालींमध्ये किमान ९ वर्षांचे अंतर ठेवावे लागते. बुंध्यावर किती उंचीपर्यंत साल काढावी, यालाही घेराच्या प्रमाणात बंधन आहे. साल काढल्यावर बुंध्यावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने लिहितात. २०२४ मध्ये साल काढलेल्या झाडावर ४ हा आकडा दिसतो आणि पुढची साल २०३३ पूर्वी निघणार नाही, हे वाटेने जाणाऱ्यालाही कळते. दप्तरातील नोंद अशा रीतीने प्रत्यक्ष झाडावरच वाचावयास मिळते, ही प्रशासनाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

पहिली साल खडबडीत व ओबडधोबड असते. दुसरीही पुरेशी एकसारखी नसते. बाटलीच्या बुचास योग्य अशी साल तिसऱ्या खेपेस, म्हणजे झाड चाळीस वर्षांच्या पुढे गेल्यावर मिळते. झाड लावणाऱ्याला तिचा लाभ उतारवयातच होतो. खरा लाभ त्याच्या मुला-नातवंडांना मिळतो. मात्र एकदा लावलेले झाड दीडशे ते दोनशे वर्षे उत्पन्न देऊ शकते. आग्वास द मौरा या गावी १७८३ मध्ये लावलेल्या एका झाडाची साल आजवर वीसहून अधिक वेळा काढण्यात आली असून, २०१८ मध्ये त्या झाडाची ‘युरोपातील वर्षाचा वृक्ष’ म्हणून निवड झाली. जिवंत झाड तोडण्यास २००१ च्या कायद्याने शासनाची परवानगी आवश्यक केली आहे आणि २०११ मध्ये तेथील संसदेने या वृक्षाला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला.

सालीत उष्णता का अडते?

या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाच्या इतिहासातील एका प्रसिद्ध घटनेशी निगडित आहे. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असंख्य लहान खोल्यांची रचना दिसली. या खोल्यांना त्याने ‘सेल’ असे नाव दिले. आज जीवशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात पेशीसाठी वापरला जाणारा हा इंग्रजी शब्द बुचाच्या त्या कापावरून आला आहे.

या खोल्या अतिशय सूक्ष्म असतात. एका घन सेंटिमीटर बुचात त्यांची संख्या काही कोटी भरते. प्रत्येक खोली बंद असते आणि तिच्यात हवेसारखा वायू कोंडलेला असतो. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. हवा मोकळी असेल तर ती तापून वर चढते, थंड हवा तिची जागा घेते आणि अशा फिरण्यातून उष्णता वाहून जाते. सूक्ष्म खोल्यांत कोंडलेल्या हवेला फिरण्यास वावच नसतो. लोकरीची घोंगडी ऊब देते, तीही तंतूंमध्ये अडकून पडलेल्या हवेमुळेच. बुचाच्या खोल्यांच्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो. त्यामुळे पाणी व वायू यांना बूच सहजासहजी आत येऊ देत नाही आणि ते लवकर कुजतही नाही.

निसर्गाने ही योजना वणव्यापासून बचावासाठी केली आहे. भूमध्य प्रदेशातील कोरड्या उन्हाळ्यात वणवे नित्याचे असतात. जाड बुचाखाली झाडाचा जिवंत भाग सुरक्षित राहतो आणि आग ओसरल्यावर फांद्यांना पुन्हा पालवी फुटते. घराच्या छपरासाठी मनुष्य बुचाचा जो गुण वापरतो, तो मुळात झाडाने आपल्या रक्षणासाठी कमावलेला आहे.

जुना अनुभव, नवी लादी

बुचाचा हा गुण प्राचीन काळापासून ठाऊक होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला याने मधमाश्यांच्या पेट्यांसाठी बुचाची साल उत्तम मानली आहे. कारण त्या पेट्या हिवाळ्यात गारठत नाहीत आणि उन्हाळ्यात तापत नाहीत. पोर्तुगालमधील सिंत्रा येथे १५६० मध्ये स्थापन झालेल्या कापूशुस मठात भिक्षूंच्या चिमुकल्या खोल्यांची दारे व छते बुचाने मढविलेली आहेत. डोंगरावरील दमट थंडीपासून रक्षण करण्याचा तो साधा व स्वस्त उपाय होता.

आज वापरल्या जाणाऱ्या लाद्यांचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लागला. न्यूयॉर्कमधील जॉन स्मिथ नावाच्या कारागिराच्या कारखान्यात बुचाच्या दाण्यांनी भरलेले एक नळकांडे चुकून विस्तवावर राहिले आणि आतील दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा घट्ट, काळपट गोळा तयार झाला, अशी हकिकत सांगितली जाते. तत्त्व आजही तेच आहे. बुचाचे दाणे बंद भांड्यात दाबून भरतात आणि त्यांतून ३०० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाची वाफ सोडतात. दाणे फुगतात आणि त्यांच्यातील नैसर्गिक द्रव्ये पाझरून ते एकजीव होतात. बाहेरून डिंक, सरस किंवा अन्य कोणतेही रसायन मिसळावे लागत नाही. तयार झालेला गडद तपकिरी ठोकळा थंड करून करवतीने त्याच्या लाद्या पाडतात. कापताना पडलेला बुचाचा भुसा वाफेच्या भट्टीत जळणासाठी उपयोगी पडतो.

यातील विशेष लक्षणीय बाब कच्च्या मालाची आहे. बाटलीच्या बुचासाठी उत्तम साल लागते; लाद्यांसाठी मात्र फांद्यांच्या छाटणीतून निघालेली साल, पहिल्या खेपेची खडबडीत साल आणि अन्य कामास न चालणारा माल पुरेसा होतो. जे एरवी टाकाऊ ठरले असते त्यालाच किंमत येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शीतगृहे आणि शीतपेट्यांची जहाजे यांसाठी या लाद्यांना मोठी मागणी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे हलके व स्वस्त फेस बाजारात आले आणि ही मागणी घटली. अलीकडच्या काळात इमारतींच्या ऊर्जावापराचा व पर्यावरणाचा विचार सुरू झाल्यापासून बुचाच्या लाद्यांकडे वास्तुरचनाकार पुन्हा वळले आहेत. हॅनोव्हर येथील २००० सालच्या जागतिक प्रदर्शनात पोर्तुगालच्या दालनाच्या बाह्य भिंतींसाठी बूच वापरण्यात आले होते, तर इंग्लंडमधील ईटन येथे २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या एका घराच्या भिंती आणि छप्पर ही दोन्ही प्रामुख्याने बुचाच्या ठोकळ्यांचीच आहेत.

छपराचा हिशेब

उष्णतारोधकाचा उपयोग किती होतो, हे साध्या हिशेबाने समजू शकते. बुचाच्या लादीची उष्णतावाहकता सुमारे ०.०४ वॅट प्रति मीटर प्रति अंश आहे. काँक्रीटच्या स्लॅबची वाहकता याच्या जवळजवळ चाळीसपट असते. १५ सेंटिमीटर जाडीच्या उघड्या स्लॅबमधून, बाहेरील व आतील तापमानात १० अंशांचा फरक असताना, प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ३३ वॅट उष्णता आत येते. म्हणजे २० चौरस मीटरच्या खोलीत सुमारे ६५० वॅट उष्णता सतत शिरत राहते. त्याच स्लॅबवर ५ सेंटिमीटर जाडीची बुचाची लादी बसविली, तर हा आकडा सुमारे १३० वॅटवर, म्हणजे एक-पंचमांशावर येतो. उन्हाने स्लॅबचा पृष्ठभाग तापलेला असताना दोन्ही आकडे वाढतात. त्यांचे परस्पर प्रमाण मात्र तेच राहते.

केंद्र शासनाने निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘इको निवास संहिते’त छपरातून होणाऱ्या उष्णतावहनाची मर्यादा प्रति चौरस मीटर प्रति अंश १.२ वॅट अशी घातली आहे. वरील उघड्या स्लॅबचा हाच आकडा सुमारे ३.३ आणि बुचाच्या लादीसह सुमारे ०.६४ आहे. उघडा काँक्रीटचा स्लॅब ही मर्यादा पाळू शकत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. मर्यादा पाळण्यासाठी सव्वादोन सेंटिमीटर जाडीचे बूचही पुरेसे ठरते. अन्य उष्णतारोधकांचा हिशेबही याच रीतीने मांडता येतो.

उष्णतारोधक स्लॅबच्या खाली न लावता वर लावणे श्रेयस्कर असते. त्यामुळे स्लॅब स्वतःच तापत नाही आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडीत राहत नाही. थर्मोकोलच्या तुलनेत बूच वजनाने जड असल्यामुळे ते स्वतःही काही उष्णता शोषून धरते आणि दुपारचा ताप आत पोहोचण्यास अधिक वेळ लागतो.

मर्यादा

बुचाच्या गुणांबरोबर त्याच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. उत्तम प्रतीचे प्लॅस्टिक फेस तेवढ्याच जाडीत बुचाहून अधिक उष्णता अडवितात; बूच वापरावयाचे तर थर थोडा जाड द्यावा लागतो. त्याची किंमतही थर्मोकोलपेक्षा बरीच अधिक असते. बूच हळूहळू कोळपत जळत असले तरी ते ज्वलनशील आहे. म्हणून अग्निसुरक्षेच्या नियमांनुसार त्यावर गिलावा किंवा अन्य आच्छादन द्यावे लागते. जंगलाचे क्षेत्र आणि सालीची वाढ मर्यादित असल्यामुळे साऱ्या जगाच्या छपरांना पुरेल इतके बूच कधीच मिळू शकणार नाही. ते जहाजाने दूरवर न्यावयाचे म्हटल्यास वाहतुकीचे इंधन हिशेबात धरावे लागते. भूमध्य समुद्रालगतच्या आणि युरोपातील देशांना ते जितके सोयीचे, तितके दूरच्या देशांना नाही.

जंगलाचे भवितव्य

बुचाच्या धंद्याचे मोठे उत्पन्न आजही बाटल्यांच्या बुचांवर अवलंबून आहे. १९९० नंतर प्लॅस्टिकची बुचे आणि धातूची फिरकीची झाकणे यांचा प्रसार झाला, तेव्हा ही गोष्ट धोक्याची ठरेल अशी भीती निर्माण झाली. जागतिक वन्यजीव निधी या संस्थेने २००६ मध्ये असा इशारा दिला होता, की बुचाची मागणी अशीच घटत राहिल्यास भूमध्य प्रदेशातील या वनांचा मोठा भाग दहा वर्षांत धोक्यात येईल. या इशाऱ्यामागील विचार समजण्यास सोपा आहे. सालीला भाव नसेल, तर नऊ वर्षे वाट पाहण्यास शेतकरी कशासाठी तयार होईल? त्याच जमिनीवर निलगिरी लावली तर दहा-बारा वर्षांत कागदासाठी लाकूड हाती येते. २०१५ च्या वनगणनेनुसार पोर्तुगालमध्ये बुचाच्या ओकखाली सुमारे ७ लाख २० हजार हेक्टर, तर निलगिरीखाली सुमारे ८ लाख ४५ हजार हेक्टर क्षेत्र होते. २०१७ मध्ये भीषण वणव्यांत मोठी प्राणहानी झाल्यानंतर निलगिरीच्या नव्या लागवडीवर तेथील शासनाने कायद्याने बंधने आणली.

वर्तवलेले संकट त्या प्रमाणात ओढवले नाही. कारखानदारांनी बुचाची प्रत सुधारली आणि मागणी सावरली. तथापि वारंवार पडणारे अवर्षण, मुळे कुजविणारी बुरशी आणि म्हाताऱ्या झाडांच्या जागी नवी रोपे न वाढणे या अडचणी कायम आहेत. चराई अनिर्बंध असेल तर रोपे वर येतच नाहीत. अशा स्थितीत बुचाचा केवळ एक ग्राहक असण्यापेक्षा अनेक ग्राहक असणे जंगलाच्या हिताचे आहे. छपराच्या लाद्यांचे महत्त्व या दृष्टीने अधिक आहे. त्या दुय्यम मालाला किंमत मिळवून देतात आणि छाटणीचा खर्च काही अंशी भरून काढतात.

आपल्याकडील बूच आणि घ्यावयाचा बोध

महाराष्ट्रात रस्त्यांच्या कडेला आणि शाळा-महाविद्यालयांच्या आवारांत ‘बुचाचे झाड’ म्हणून ओळखला जाणारा उंच वृक्ष आढळतो. त्याच्या लांब नळीच्या, पांढऱ्या सुगंधी फुलांचा सडा पहाटे पडलेला असतो आणि मुले त्या फुलांच्या दोऱ्याविना वेण्या गुंफतात. हा वृक्ष मात्र ओकच्या कुळातील नव्हे. त्याचे शास्त्रीय नाव मिलिंग्टोनिया हॉर्टेन्सिस असे असून तो मूळचा ब्रह्मदेश व आग्नेय आशियाकडील आहे. त्याची भेगाळलेली साल पूर्वी खऱ्या बुचाऐवजी हलक्या प्रतीचे बूच म्हणून वापरली जाई, यावरून त्याला हे नाव मिळाले. त्याच्यापासून छपराच्या लाद्या मिळण्याची अपेक्षा करणे चुकीचे होईल. शिक्षकांनी या झाडाखाली पेशीचा आणि सालीचा पाठ अवश्य घ्यावा. दोन्ही झाडांतील फरकही विद्यार्थ्यांना तेथेच सांगता येईल.

आपल्याकडील शाळा, ग्रामपंचायतीची कार्यालये आणि दवाखाने यांच्यासाठी पोर्तुगालहून बूच आणणे व्यवहार्य नाही. या माहितीचा उपयोग निराळ्या दोन गोष्टींसाठी आहे. पहिली गोष्ट हिशेबाची. छपराचा आराखडा मंजूर करताना उष्णतावहनाचा आकडा विचारण्याची सवय अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी लावून घेतली, तर उपलब्ध असलेला कोणता उष्णतारोधक किती जाडीचा वापरावा हे ठरविता येईल. जेथे तेवढाही खर्च झेपत नाही, तेथे गच्चीला चुन्याचा पांढरा लेप देणे आणि सावली करणे हे अल्पखर्चाचे उपाय प्रथम योजावेत.

दुसरी गोष्ट जंगलाची. झाडाची साल, डिंक, पाने वा फळे यांचे उत्पन्न घेणे आणि ते झाड टिकविणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत; पण त्यासाठी किती घ्यावयाचे, केव्हा घ्यावयाचे आणि पुन्हा घेण्यापूर्वी किती थांबावयाचे, हे ठरलेले असावे लागते. वनहक्क कायदा, २००६ अन्वये गौण वनोपजावर हक्क मिळालेल्या ग्रामसभांना हे नियम स्वतःच ठरविण्याची संधी आहे. नियम ठरल्यानंतर त्याची नोंद सर्वांना दिसेल अशा ठिकाणी असावी. पोर्तुगालमधील शेतकरी तेवढ्यासाठी झाडाच्या बुंध्यावर एक आकडा लिहितो आणि पुढील नऊ वर्षे त्या झाडाला कुऱ्हाड लावीत नाही.